दगडाला घाई चालत नाही



मागच्या उन्हाळ्यात तिशा बेआव होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा आमच्या गावच्या ज्येष्ठ मंडळाची सहल यरुशलायीमला गेली. तिशा बेआव म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या तोंडचा 'बिरड्याचा सण'. यंदा नातवंडांनाही बरोबर घ्यायचं ठरलं होतं. शाळेला सुट्टी, आईबाप कामावर, मग मुलं आजी-आजोबांच्याच गळ्यात! बसमध्ये हिरव्या चटणीचे सँडविच, चिवडा, थर्मासात चहा असा सगळा थाट होता. पुढच्या सीटवर जुनी मराठी गाणी आणि मागच्या सीटवर हिब्रू आरडाओरडा चालला होता.

माझ्याबरोबर माझी धाकटी नात होती. वय वर्षं अकरा. तिला मराठी सगळी समजते, बोलताना मात्र निम्मी हिब्रू येते. कोतेलवर ती शाळेतर्फे दोनदा जाऊन आलेली. त्यामुळे बसमध्ये तिचं एकच पालुपद, "आजोबा, मी ते बघितलंय. दगडच तर आहेत."

मी म्हटलं, "दगडच आहेत. पण तुझ्या आजोबांनी तीस वर्षं दगडच फोडले. आज तुला ते माझ्या डोळ्यांनी दाखवतो."

हे थोडं सांगायला हवं. मी इंजिनिअर नाही. मुंबईला ड्राफ्ट्समनचा कोर्स अर्धवट टाकून 1969 साली इकडे आलो, आणि बांधकामाचा माल तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलो. दगड, विटा, काँक्रीटचे ठोकळे यंत्रात ठेवायचे, वरून दाब द्यायचा आणि कितीला फुटलं ते वहीत लिहायचं, हे माझं काम. रोज संध्याकाळी घरी यायचो तो केसांत, भुवयांत पांढरी धूळ घेऊन. बायको म्हणायची, "अहो, आधी आंघोळ, मग चहा."

कोतेलच्या प्रार्थनेच्या चौकातून दक्षिणेकडे गेलं की डेव्हिडसन सेंटरचं पुरातत्त्व उद्यान लागतं. भिंत तीच, पण इथं गर्दी कमी. मंदिराच्या टेकडीचा हा नैऋत्य कोपरा. डोक्यावर भिंतीतून बाहेर आलेला कमानीचा तुटका बुंधा दिसतो, त्याला रॉबिन्सनची कमान म्हणतात. एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन अभ्यासकानं 1838 साली तो ओळखला. आणि खाली आहे दोन हजार वर्षांपूर्वीचा रस्ता, मोठमोठ्या फरशांचा. त्या रस्त्यावर प्रचंड दगडांचा ढीग पडलेला आहे. एकेक दगड दोन टनांचा, तीन टनांचा, काही त्याहून मोठे. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्यानं मंदिर जाळलं आणि वरची भिंत उलथून खाली ढकलली, तेव्हाचा हा ढीग, असं बहुतेक अभ्यासक मानतात. काही जण पुढच्या काळातल्या भूकंपाचाही त्यात हात आहे असं म्हणतात. उत्खनन करणाऱ्यांनी बाकीचा रस्ता साफ केला, पण हा ढीग मुद्दाम तसाच ठेवला.

नात ढिगाकडे बघत उभी राहिली. मग वर भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, "आजोबा, एकच दगड ना? मग हे फुटले आणि ते उभे कसे?"

वाचकहो, मला हाच प्रश्न हवा होता. सावलीत बसलो आणि तिला सांगायला सुरुवात केली. बघता बघता आणखी पाच-सहा मुलं जमली आणि त्यांच्या मागून आमची म्हातारी मंडळीही येऊन बसली.

सावकाश पडणारा भार

आधी उभ्या भिंतीचं बघू. हा यरुशलायीमचा चुनखडीचा दगड. खाणीतून काढताना तो जरा मऊ असतो आणि उघड्यावर आला की वरून कडक होत जातो. एक घनमीटर दगडाचं वजन साधारण अडीच टन. भिंत रस्त्यापासून तीस मीटर उंच धरली, तर तळाच्या दगडाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पंचाहत्तर टन भार आला. ऐकायला भयंकर वाटतं. पण पोस्टाच्या तिकिटाहून लहान अशा एका चौरस सेंटीमीटरवर तो होतो फक्त साडेसात किलो! आणि चांगला चुनखडीचा दगड एका चौरस सेंटीमीटरला कित्येक शे किलो सोसतो. म्हणजे तळाचा दगड आपल्या ताकदीच्या एका कोपऱ्यावरच सगळी भिंत उचलून उभा आहे. असा भार तो दोन हजार वर्षं काय, पुढेही सोसेल.

पण भार त्याच्या ताकदीच्या जवळपास आला, तर मात्र गोष्ट बदलते. दगड कितीही गुळगुळीत दिसला तरी आत केसाहून बारीक चिरा असतात. भार सावकाश वाढत गेला की या चिरांना वेळ मिळतो. त्या कणाकणाच्या कडेकडेनं, सगळ्यात सोपी वाट शोधत पुढे सरकतात, एकमेकींना जाऊन मिळतात आणि दगड दोन-तीन मोठ्या तुकड्यांत फाकतो.

हे मला प्रयोगशाळेत शिकवण्याच्या आधी आमच्या गावच्या वडाऱ्यांनी दाखवलं होतं. कोकणात माझ्या आजोळी विहीर खणत होते. खाली काळा दगड लागला. मुलांनो, हा काळा दगड म्हणजे आपला सह्याद्री ज्याचा बनला आहे तो, इथं गोलानमध्ये दिसतो त्याच जातीचा. वडारी दगडात एका ओळीत भोकं पाडायचे, प्रत्येकात लोखंडी पाचर बसवायचे, आणि घणाचा एकेक ठोका पहिलीला, दुसरीला, तिसरीला, असं देत जायचे. मग घण खाली ठेवून बिडी पेटवायचे. मी सात-आठ वर्षांचा. विचारलं, "काका, थांबलात का?" तो म्हातारा म्हणाला, "दगडाला टाइम द्यावा लागतो रं पोरा." थोड्या वेळानं आतून बारीक टक्क असा आवाज आला आणि एवढा मोठा पत्थर सरळ रेषेत उभा फाटला. कोणी शेवटचा ठोका घातलाच नव्हता.

झटक्यानं पडणारा भार

आता ढिगाकडे या. दगड तीस मीटरवरून सुटला तर जमिनीला पोचायला त्याला अडीच सेकंद लागतात, आणि पोचताना त्याचा वेग असतो ताशी पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटर. हायवेवरच्या ट्रकएवढा. ढिगाखालच्या फरशा बघा. रस्ता खचलाय, फरशांच्या ठिकऱ्या झाल्यात.

इथं एक गंमत आहे, आणि मोठ्या माणसांनाही ती पटकन पटत नाही. तोच दगड झटक्यानं दाबला तर तो सावकाश दाबल्यापेक्षा जास्त सोसतो! कारण चिरांना सोपी वाट शोधायला वेळच मिळत नाही. त्यांना समोर येईल ते, म्हणजे धडधाकट कणसुद्धा, फोडत जावं लागतं. पण एकदा फुटला की मग अनेक चिरा एकदम सुटतात आणि दोन तुकडे न होता चुराडा होतो. फरशांवर आदळलेला जोर इतका जबर होता की त्या जास्तीच्या ताकदीचाही काही उपयोग झाला नाही.

जोसेफस नावाचा इतिहासकार त्या लढाईचा साक्षीदार होता. त्यानं लिहून ठेवलंय की रोमन लोकांनी आपली सगळ्यात मोठी धडक देणारी यंत्रं मंदिराच्या पश्चिम बाजूच्या भिंतीला लावली आणि सहा दिवस ठोकत राहिले. भिंतीला काही झालं नाही. दगड फार मोठे होते आणि एकमेकांत घट्ट बसलेले होते. शेवटी टायटसनं दरवाजांना आग लावायचा हुकूम दिला.

एका मुलानं विचारलं, "पण दगड तर जळत नाही!"

बरोबर. जळत नाही. पण त्याला आग लागते ती आतून.

आग दगडाला काय करते

आधी पेटलं ते लाकूड. दरवाजे, आणि ओसऱ्यांवरची देवदाराची छतं. त्या आगीत दगड भाजले.

दगड गरम होतो तेव्हा त्याचा कणन् कण फुगायला बघतो. चुनखडीच्या कणांचा स्वभाव मुलखावेगळा आहे. गरम झाला की तो एका दिशेला फुगतो आणि आडव्या दिशेला किंचित आक्रसतो. शेजारचा कण दुसऱ्याच दिशेला तोंड करून बसलेला. मग कोण कोणाला जागा देणार? दोघांच्या मधे चीर पडते. अशा लाखो चिरा. बाहेरून काही दिसत नाही.

शंभर अंशांपर्यंत आतलं पाणी जातं. दोनशे-तीनशेपर्यंत ताकद फारशी कमी होत नाही, काही दगडांची तर थोडी वाढलेलीही आढळते. मात्र साधारण अडीचशे-तीनशेच्या पुढे ज्या फिकट दगडात लोहाचा अंश असतो त्याला गुलाबी, लालसर झाक येते. ही झाक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. चारशे-पाचशेच्या पुढे चिरा एकमेकींना मिळू लागतात आणि ताकद भराभर उतरते. सहाशेच्या आसपास पुष्कळ दगड निम्म्या ताकदीवर येतात. आणि आठशे-नऊशेला चुनखडी दगडच राहत नाही, तिचा कळीचा चुना होतो. आमच्या वयाच्या लोकांनी कोकणात शिंपले भाजून चुना करताना पाहिलंय. त्या चुन्यावर पाणी पडलं की तो कसा खदखदतो आणि फुगतो तेही पाहिलंय. भाजलेल्या भिंतीवर पाणी ओतलं किंवा पाऊस पडला तर तेच होतं.

प्रत्येक दगडाची तऱ्हा वेगळी. ग्रॅनाइटमध्ये गारेचे कण असतात. ते 573 अंशांवर एकदम उडी मारल्यासारखे फुगतात, म्हणून ग्रॅनाइट त्या सुमारास फार तडकतो. आपला काळा दगड बारीक कणांचा, तो त्या मानानं बराच तग धरतो, पण तापलेल्यावर गार पाणी टाकलं तर त्यालाही तडे जातात.

तिथून उठून आम्ही दक्षिण भिंतीकडे गेलो. या भिंतीला लागून त्या काळी दुकानं होती. दुकानं जळली तेव्हा त्यांच्या कमानींच्या आकारात आगीनं मागचा दगड खाल्ला. ते अर्धगोल ठसे भिंतीवर आजही दिसतात. वाटाड्यानं बोट दाखवल्यावर मुलं गप्प झाली. इतका वेळ 'इसवी सन 70' हा शाळेतला आकडा होता. आता ते कोणाचं तरी दुकान झालं.

"मग भिंत का नाही पडली?" नातीचा पुढचा प्रश्न.

कारण दगड उष्णता फार हळू आत घेतो. तास-दोन तासांच्या आगीत ती जेमतेम चार-सहा बोटं आत शिरते. मीटरभर जाडीच्या दगडाची साल भाजते, ढलपे निघतात, पण गाभा शाबूत राहतो. उलट बारीक खांब चारी बाजूंनी भाजतो, त्याला लपायला जागाच नसते. म्हणून आगीनंतर पडतात ते आधी खांब, कमानी आणि दारावरचे आडवे दगड.

माझी एक चूक

एवढं सांगून झाल्यावर मी थांबणार होतो. पण नातीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही जळका दगड कधी फोडलाय?" आणि जी गोष्ट मी घराबाहेर कधी कोणाला सांगितली नव्हती ती सांगून गेलो. इथंही लिहितो, कारण आता वयानं लाज कमी होते आणि मुलांच्या उपयोगाची आहे.

1974 सालचा हिवाळा. नोकरी लागून चार-पाच वर्षं झालेली, घरी तान्हं मूल. आमच्या गावात एका जुन्या दगडी इमारतीत खाली कापडाचं गोदाम आणि बाजूला शिवणकामाचा कारखाना होता. एका रात्री गोदामाला आग लागली. माणूस कोणी दगावला नाही, देवाची कृपा. मालकाला कारखाना लवकर सुरू करायचा होता. दगडी खांबांतून गोल नळीसारखे नमुने कापून आमच्याकडे आले. सहा तुकडे. मजबुती एका चौरस सेंटीमीटरला तीनशे किलो भरली पाहिजे, असं कागदावर होतं.

नियम असा आहे की दाब सावकाश आणि एकाच गतीनं वाढवायचा, चौरस सेंटीमीटरला सेकंदाला पाच ते दहा किलो. म्हणजे तीनशेला पोचायला अर्धा मिनिट ते मिनिटभर लागायला हवं. त्या दिवशी शुक्रवार दुपार. शब्बात जवळ आलेला. साहेबांनी डोकं आत घालून सांगितलं, "होदी, आटप लवकर. भरणारच आहे तो." मी व्हॉल्व फिरवला तो सरळ उघडाच केला. काटा सरसर चढला. तीन-चार सेकंदांत एकेक तुकडा फाट्दिशी फुटला. तिघांची सरासरी आली तीनशे अठरा. वहीत लिहिलं, सही केली, हात धुतले.

मला माहीत नव्हतं असं नाही. भार दहापट वेगानं टाकला तर आकडा साधारण पाच-दहा टक्क्यांनी वर चढतो, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आणि तुकड्यांच्या एका टोकाला गुलाबी झाक होती. तीही मी पाहिली होती.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, कारखाना सोमवारी उघडणार म्हणतात. आम्हाला बोलावलंय." ती तिथंच शिलाई मशीनवर बसायची. ती आणि आपल्या समाजाच्या आणखी तीन बायका. मी काही बोललो नाही. तिनं विचारलं, "भिंती ठीक आहेत ना? तुमच्याकडेच आले होते ना दगड?"

मी म्हटलं, "आकडा ठीक आहे."

ती म्हणाली, "मी आकड्याचं नाही विचारलं."

शनिवारचा सगळा दिवस मला गेला नाही. रविवारी पहाटे, कोणी यायच्या आत, प्रयोगशाळेत गेलो. पेटीत तीन तुकडे उरले होते. आधी एकेक हातात धरून लोखंडाच्या सळीनं हलकेच वाजवला. बाजारात मडकं वाजवून घेतो तसा. चांगला दगड खणखणीत बोलतो. हे बद्द बोलले. मग यंत्रात ठेवले आणि घड्याळ समोर ठेवून नियमाच्या गतीनं दाब दिला. शेवटी शेवटी तर दगडातून बारीक कुरकुर ऐकू येत होती. चिरा चालायला लागल्याचा तो आवाज. तिघांची सरासरी आली दोनशे एक्क्याऐंशी.

दगड दगडात फरक असतो, तीन तुकड्यांवरून सगळं ठरत नाही, हे खरं. पण शुक्रवारचा आकडा मी दगडाकडून घाईनं वदवून घेतला होता, हेही तेवढंच खरं. साहेब आले तेव्हा दोन्ही आकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि शुक्रवारी काय केलं ते सांगितलं. ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग फोन उचलला.

कारखाना सोमवारी उघडला नाही. इंजिनिअरनं गोदामाच्या बाजूचे दोन खांब आणि दारावरचा आडवा दगड काढायला लावला. काढताना मी मुद्दाम बघायला गेलो. दाराच्या दगडाची आगीकडची बाजू चार बोटं खोल गुलाबी होती आणि हातानं भुसभुशीत निघत होती, शिळ्या नानखटाईसारखी. बाहेरून मात्र अगदी साबूत दिसत होता.

कोणी शाबासकी दिली नाही. त्या मालकानं आमच्याकडे पुन्हा काम पाठवलं नाही. साहेब महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. बायकोचा सहा आठवड्यांचा पगार बुडाला, आणि त्या वेळी तो आम्हाला जड गेला. पण ती त्याबद्दल एकदाही बोलली नाही. नंतर पंचवीस वर्षं मी व्हॉल्व फिरवताना घड्याळाकडे बघत होतो.

नात म्हणाली, "सावताला माहीत होतं तुम्ही शुक्रवारी काय केलं ते?"

म्हटलं, "मी सांगायच्या आधीच माहीत होतं."

शेवटचा दगड

परत निघताना रॉबिन्सनच्या कमानीजवळच्या प्रार्थनेच्या चौथऱ्याशी थांबलो. 2018 च्या जुलैत, तिशा बेआवच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, इथं कोतेलमधून साधारण शंभर किलोचा दगड निखळून खाली पडला. प्रार्थना करत असलेल्या एका बाईच्या अगदी शेजारी. तिला काही इजा झाली नाही. मुलांनी लगेच विचारलं, "कोणी मारला?" कोणीही नाही. फटींत उगवलेली झुडपं किंवा आत मुरलेलं पाणी, असं कारण तज्ज्ञांनी तेव्हा सांगितलं होतं. सहा दिवस धडका मारून न हललेल्या भिंतीचा एक दगड एका शांत सकाळी आपला आपण सुटला. हळू चालणाऱ्या गोष्टींचा जोर असा असतो.

मुलांनो, आता तुमच्या कामाच्या तीन गोष्टी. लाग बाओमेरला शेकोटी कराल तेव्हा ओढ्यातले ओले दगड किंवा गारगोट्या भोवती लावू नका. आतलं पाणी वाफ होतं आणि दगड फटाक्यासारखा फुटतो. तुकडा डोळ्यात जाईल. दुसरं, तापलेल्या दगडावर गार पाणी एकदम ओतायचं नाही, स्वयंपाकघरातल्या ओट्यावरसुद्धा नाही. तिसरं, जिथं आग लागून गेली आहे अशा पायरीवर, गच्चीखाली, कमानीखाली मोठ्या माणसांनी तपासल्याशिवाय उभं राहायचं नाही. शाबूत दिसणं आणि शाबूत असणं यात चार बोटांचं अंतर असतं.

आणि आम्हा म्हाताऱ्यांसाठी? बसमध्ये शेजारच्या मामी म्हणाल्या, "म्हणजे आपल्यासारखंच की हो. पहिल्या वर्षीचा झटका सोसला, पण नंतरचं रोजचं थोडं थोडं..." आणि गप्प झाल्या. मी त्यावर काही बोललो नाही. दगडाचं मला थोडं कळतं, माणसाचं तेवढं नाही. एवढं मात्र खरं की कोणी ठीक आहे म्हणालं म्हणून लगेच वहीत लिहून टाकू नये. जवळ बसावं, जरा वेळ द्यावा, आवाज ऐकावा.

घरी पोचलो तर रात्र झाली होती. सणाचं बिरडं कधीच संपलं होतं, पण नातीला पुन्हा खायचं होतं. म्हणाली, "सावता, उद्या कर ना."

हिनं आतून सांगितलं, "उद्या कसं होईल गं? वाल भिजायला एक दिवस, मोड यायला एक दिवस. मग सोलायचे."

नातीनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. "माहीत आहे," म्हणाली, "टाइम द्यावा लागतो."